दोन्ही टोकांना तीच रात्र

सूर्यमाळ, ता. मोखाडा
१४ फेब्रुवारी २०२४

गोरख,

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली शीलाच्या फोनमध्ये येते आणि पाड्यातल्या प्रत्येकाला दाखवून झाली की शेवटी माझ्यापर्यंत पोचते. लाल कोट, तोंडाला फडकं, भुवयांवर बर्फ. रविना दारोदार सांगत सुटली, "माझा बाबा दक्षिण ध्रुवावर आहे." शेजारच्या मालूने विचारलं, "तिथं काय करतो गं तो?" पोर म्हणाली, "जेवण बनवतो." मालू हसत हसत खालीच बसली. सासऱ्याचं शेत टाकून माणूस जगाच्या टोकाला गेला, आणि तिथे जाऊन करतो काय, तर चपात्या लाटतो. इथे बारा वर्षांत तुला चुलीपुढे बसलेला मी एकदाही पाहिला नाही.

फोनवर मी बोलणार नाही. दसरा झाल्यावर तू मला तोंड न दाखवता गेलास, तिथेच आपलं बोलणं संपलं. लिहिणं निराळं. मी चौथी पास आहे. मी लिहीन आणि रविना पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढून पाठवील, कारण रेंज तिथेच मिळते. ती टाकीवरून पडली तर ते पाप तुझ्या डोक्यावर.

लिहायचं कारण असं. शीला म्हणते, पुढच्या वर्षी तू उतरलास की सूर्यमाळला येणार नाहीस. गोव्यात तुझ्या ऑफिसच्या जवळ खोली घेणार आणि तिला नि पोरीला तिकडे नेणार. नेणार म्हणजे काय? आपली पद्धत बर्फात विसरला असशील म्हणून सांगतो. मुलगा मुलीच्या बापाकडे येऊन राहतो, त्याच्या शेतात राबतो, संसार करतो, पोरंबाळं होतात. सोय झाली की मुलीचा बाप पहिली हळद लावतो, लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणी म्हणते, लग्न लागतं. मग बायकोला घेऊन जायचं तिकडे जा. हळद लागेपर्यंत बाई बापाच्या उंबऱ्याची. शीलाला हळद लागलेली नाही. तुझ्या त्या ऑफिसातल्या साहेबांना हे माहीत नसेल, तुला माहीत आहे.

रविनाच्या शाळेत हेमंत सरांनी सगळ्यांना काम दिलंय. हिला काय, तर पृथ्वीच्या दोन ध्रुवांमधली दहा साम्यं लिहून आण. बाप तिथे आहे म्हणून मुद्दाम हिलाच. ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, लिही. एक, दोन्हीकडे झाडाचं पान नाही. पान नाही तर राब कशाचा भाजायचा? राब भाजला नाही तर भाताचं रोप कुठे टाकायचं? दोन, म्हणजे दोन्हीकडे माणसाचं काही काम नाही. तीन, तरी तिथे जाणारे शहाणे असतात.

तिने एकच ठेवलं, झाडाचं. बाकीची खोडली. म्हणाली, "आजा, पुस्तकातलं सांग ना." पुस्तकातलंच सांगायचं तर मला कशाला विचारते?

गायीचा डावा डोळा वाहतो आहे. तू असतास तर पाला लावला असतास. मी लावला तर तिने मला ढकललं. हे उगाच लिहिलं. खोडत नाही, कागद घाण दिसतो.

ढवळू


२ एप्रिल २०२४

गोरख,

तुझा आवाज ऐकला. ऐकणार नव्हतो, पण रविनाने मुद्दाम मोठ्याने लावला. "मामा, हितं पण पाण्याची बोंब हाय. नजर जाईल तिथं बर्फ, पण प्यायचं पाणी तळ्यातनं पंपानं ओढावं लागतं. नळी गोठली की सगळे बाहेर, तापवत बसायचं. आंघोळ आठवड्यातनं एकदा, तीबी पाळीनं."

म्हणजे दोन महिने प्रवास करून तू पाण्याच्या पाळीतच जाऊन बसलास. ती पाळी इथे काय वाईट होती? शीला पहाटे हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावर जाते. झरा आता वाटी-वाटीने भरतो. दोन हंडे व्हायला ऊन डोक्यावर येतं. उतारावर दगड सुटे झालेत आणि मला इथे बसून प्रत्येक दगड दिसतो. मी जातो म्हटलं तर ती म्हणते, "बा, तू पडशील, मग तुला आणू का पाणी?" बापाशी असं बोलायला तिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे.

रविना म्हणते, पुस्तकात लिहिलंय की दोन्ही ध्रुवांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही. इतकं पाणी गोठून पडलंय आणि तरी ते वाळवंट. तिने हे साम्य क्रमांक चार म्हणून घातलं होतं, सरांनी बरोबरची खूण केली. सूर्यमाळला चार महिने इतका पाऊस पडतो की कपडे वाळत नाहीत, आणि होळी झाली की झऱ्यावर वाटी. पण सूर्यमाळ पुस्तकात नाही. तिसरं टोक त्यांना सापडलं नसेल.

आता तुझ्या दुसऱ्या बोलण्याचं. "मामा, लग्न मी नको म्हटलं का? सहा वर्षं मागं लागलोय." हे शीलाच्या देखत, पोरीच्या देखत बोलायचं होतं का? मी कधी नाही म्हणालो? एका वर्षी छप्पर गेलं. एका वर्षी भात पोचट निघालं. एका वर्षी पोशीचा गुडघा. पोशीशिवाय दुसरी धवलेरी आपल्या पाड्यांत नाही, ती बसू शकली नाही तर गाणी कोण म्हणणार? आणि त्यावर तू काय म्हणालास? "मामा, पोशीचा गुडघा दर होळीलाच कसा दुखतो? पावसात तर ती डोंगर चढून अळंबी आणते." शीला हसली. मी तिला हसताना पाहिलं.

हसा. बर्फात बसून तू हस आणि झऱ्यावर बसून ती हसू दे.

मी सरळ सांगतो. तू उतरलास की सूर्यमाळला ये. एक पावसाळा काढ, राब भाज, लावणी कर. पुढच्या होळीला बघू. गोव्याचं नाव काढू नकोस. तिथे भाड्याच्या खोलीत शीला कुणाशी बोलणार? आजारी पडली तर कोण बघणार? रस्त्यावर गाड्या किती असतात. रविना रस्ता ओलांडताना खाली बघून चालते, हे तुला माहीत तरी आहे का?

ढवळू


१६ जून २०२४

गोरख,

रोपं टाकून झाली. राब मी भाजला, कसा भाजला ते विचारू नकोस, माझी एक भुवई जळली. नांगर शीलाने धरला. होय, बाईने. पाड्यातले पुरुष तोंड फिरवून उभे राहिले आणि बायका कुडाआडून बघत होत्या. आजवर आपल्या पाड्यात बाईचा हात नांगराला लागला नव्हता. तू चपात्या लाटतोस आणि तुझी बायको नांगर धरते. ध्रुवावर गेल्याने माणसाचं सगळंच उलटं होतं, हे हेमंत सरांना सांगायला हवं.

रविनाने तुला काहीतरी कळवलं असं मला समजलं. दिव्याचं. ते खोटं आहे.

खरं काय ते लिहितो, म्हणजे तू उगीच फुगायला नको. माणूस रानात चुकला की वाघदेवाच्या दगडापुढे तो येईपर्यंत संध्याकाळी दिवा लावतात, हे तू जाणतोस. रविनाच्या पुस्तकात चित्र आहे, ध्रुवावर दिवाळीआधीच सूर्य जातो तो होळीच्या सुमाराला उगवतो. खाली लिहिलंय, दोन्ही ध्रुवांवर सहा महिने रात्र. मी म्हटलं, रात्र म्हणजे रात्र. मला काय स्वप्न पडलं होतं? दिवाळीपासून मी दिवा लावत होतो. वाघदेवासाठी. बिबट्या फिरतो म्हणून. होळीला बंद केला.

आणि मे महिन्यात तुझा निरोप येतो, उद्या सूर्य शेवटचा दिसेल, मग दोन महिने अंधार; ऐन टोकाच्या अलीकडे आहात म्हणून सहा नाहीत. मी रविनाला विचारलं, हा आता कुठला अंधार? तिने एक भोपळा आणला, त्यात काडी खुपसली, चुलीपुढे तिरका धरला. वरचं टोक जाळाकडे असलं की खालचं अंधारात. फिरवून धरला की खालचं जाळाकडे. "रात्र तीच, आजा, फक्त एकाला असते तेव्हा दुसऱ्याला नसते. पुस्तकातलं चित्र उत्तरेचं आहे."

म्हणजे तुझ्याकडे अर्ध्या रात्री ऊन पडलं होतं तेव्हा मी तेल जाळत होतो, आणि तुझा सूर्य जायला निघाला तेव्हा मी दिवा उचलून घरात ठेवला. पोरगी इतकी हसली की भोपळा हातातून पडून फुटला. भाजी झाली त्याची. शीला नाही हसली. ती बघत राहिली माझ्याकडे. मला ते आवडलं नाही.

आता लावतो की नाही ते विचारू नकोस. पावसात दिवा राहत नाही.

दुसरं. रविवारी जामसरचा जिवा घरी आला होता. त्याची बायको वारली त्याला तीन वर्षं झाली, तुला माहीत आहे. भाताची जमीन बरी आहे, स्वतःचे बैल आहेत, आणि तो चोवीस तास जमिनीवर असतो, बर्फावर नाही. मी बोलावलं नव्हतं. आला, बसला, कोंबडा घेऊन आला होता. ज्या बाईला हळद लागलेली नाही तिच्याबद्दल विचारायला कुणाला बंदी नाही. मी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तू विचार कर.

ढवळू


३ जुलै २०२४

गोरख,

हे पत्र फोनने येणार नाही. फोन शीलाचा आहे आणि शीला इथे नाही.

माझं मागचं पत्र रविनाने टाकीवर चढून पाठवलं, पण पाठवण्याआधी वाचलं. पोरगी वाचायला लागली ही माझी चूक, मीच शिकवलं. तिने ते आईला वाचून दाखवलं. शीलाने जिवाचा कोंबडा टोपलीखालून काढला, पावसात जामसरला जाऊन त्याच्या अंगणात सोडला आणि परत आली. दुसऱ्या दिवशी कपडे बांधले, रविनाला घेतलं आणि वांगणीला तुझ्या आईकडे गेली. हळद न लागलेली बाई आपल्या पायाने सासरी. पाड्यात मला कोणी काही विचारत नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट.

जाताना उंबऱ्यात उभी राहून तिने तुझा आवाज ऐकवला. एवढंच ऐकवून गेली. "मामाला सांग, मांडव नको नि हळद नको. मी उतरलो की गोव्यात कचेरीत सही करून लग्न लागतं, त्याला सासरा लागत नाही. तुम्हाला तिथं ठेवतो नि मी उत्तरेच्या टोकाला जाणाऱ्यांत नाव देतो. सूर्यमाळचं तोंड बघायचं नाही मला."

पोस्टमन म्हणाला, हे पत्र गोव्यापर्यंत जाईल. तिथून बोट निघेल तेव्हा पुढे, आणि बोट दिवाळीनंतर. म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा भात कापून झालेलं असेल. एवढा उशीर आहे तर लिहायला हरकत नाही.

जिवाला मी बोलावलं होतं. तो आपणहून आला नाही. मी निरोप धाडला, दोनदा. पहिल्यांदा तो म्हणाला, "ढवळूदादा, गोरख माझ्या ओळखीचा आहे." दुसऱ्यांदा मी त्याला सांगितलं, गोरख परत येत नाही. मला वाटलं, तू घाबरशील आणि येशील. एवढंच वाटलं. कोंबडा आणायला मी सांगितलं नव्हतं.

गाय माझ्या हातून दूध देत नाही. मी आता काळा चहा पितो. कुत्रं शीला गेली त्या वाटेवर बसतं, हाकललं तरी उठत नाही. मूर्ख आहे.

ढवळू


वांगणी, ता. जव्हार
२२ जुलै २०२४

गोरख,

मी तुझ्या आईच्या ओटीवर बसून लिहितो आहे. हे रविना फोनने पाठवील. ती म्हणते, इथे रेंज घरातच मिळते. वांगणीला रस्ता नाही आणि रेंज आहे.

खोडाळ्यापर्यंत चालत आलो, तिथून जीपने मोखाडा, मोखाड्याहून एस.टी.ने जव्हार. जव्हारच्या स्टँडवर दीड तास बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "बाबा, एकटेच? लेक-जावई नाहीत?" मी म्हणालो, जावई दक्षिण ध्रुवावर आहे. ती उठून पलीकडे जाऊन बसली. वेडा समजली. पुढे वावर गावापर्यंत गाडी, आणि मग चिखल. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. एका गुराख्याने हात धरून काढलं. चप्पल वाहून गेली. तुझ्या दारात मी अनवाणी आलो आहे, हे तुझी आई आयुष्यभर सांगत फिरेल.

तिने मला बघितलं आणि म्हणाली, "या व्याही. बारा वर्षांनी वाट सापडली?"

मी म्हणालो, "रामीबाई, मी पोरीला न्यायला आलोय."

"माझा पोरगा तुमच्याकडं बारा वर्षं होता, मी आले का न्यायला? बसा. पाय धुवा. हितं पाणी आहे."

मग आत वळून मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून: "शीला, भाकर टाक दोन. तुझा बा नांगरायला बाई शोधत आलाय."

मी हे ऐकून घेतलं. ओटीवर बसून ऐकून घेतलं. तू असतास तर तुला मजा आली असती.

शीला भाकर घेऊन आली. समोर बसली. किती दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं तिने. म्हणाली, "बा, एकच सांग. आमचं लग्न का नाही लावलंस? छप्पर सांगू नकोस."

मी म्हणालो, "गोरख आळशी होता."

"बा."

"तो वरच्या खाचराचा बांध नीट घालत नव्हता."

ती उठून आत गेली. भाकर ठेवून गेली. मी ती खाल्ली, कारण भूक लागली होती. तेवढ्यात रविना फोन घेऊन धावत आली. तुझा आवाज. सूर्य दिसला म्हणे, पाच मिनिटं, नुसती कड, आणि सगळे थंडीत बाहेर येऊन ओरडत होते, तुमचा मोठा साहेबसुद्धा. तुझा आवाज बसला होता. पाच मिनिटांच्या उन्हासाठी मोठी माणसं ओरडतात, मी असं कुठे ऐकलं नव्हतं. शीलाने आतून विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं, "सूर्य उगवला." तिने भांडं ठेवलेलं ऐकू आलं.

रविनाची वही इथे आहे. दहा साम्यं पुरी केली होती तिने, सरांनी वर्गात वाचून दाखवली. ती मी आता सगळी वाचली. तू उत्तरेला नाव देणार म्हणतोस ना? मग ऐक तिथे काय आहे. तिथेही बर्फ. तिथेही ऊन तिरकं पडतं, अंगाला लागत नाही, आणि बर्फ ते परत वर फेकतो. तिथेही सहा महिने रात्र. तिथेही आकाशात हिरवे पडदे हलतात, तुम्ही फोटोत काढता तसे. तिथेही पाऊस नाही, झाड नाही, तिथेही सील मासे आणि देवमासे. (सील मासा नाही म्हणे, पण पाण्यात राहतो तो माझ्या लेखी मासा.) तिथेही जेवण बाहेरून न्यावं लागतं आणि कुणीतरी रांधावं लागतं. एक पक्षी आहे, तो दर वर्षी या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत येतो, दोन्हीकडचा उन्हाळा बघतो. रविनाला तो फार आवडतो. मला विचारशील तर त्याला घर नाही.

दहाच्या दहा तेच आहे, गोरख. जे तू बघून झालायस तेच. तिथे नवीन म्हणजे एक अस्वल आहे. अस्वलासाठी माणूस इतका लांब जातो का?

शेवटी सरांनी तिला लिहायला लावलंय की एक फरक आहे. तुझ्याकडे बर्फाखाली जमीन आहे, खडक. उत्तरेला बर्फाखाली जमीन नाही, नुसतं पाणी. वरून दोन्ही सारखेच कडक दिसतात. हे वाचून मी बराच वेळ बाहेर बघत बसलो. पाऊस पडत होता. रामी म्हणाली, "व्याही, झोप आली का?"

आता लिहितो. शीला आत आहे म्हणून लिहिता येतंय.

शीलाची आई गेली तेव्हा शीला सात वर्षांची होती. मी तिला वाढवली. तू आलास तेव्हा मला वाटलं, हा राबेल, पोरगी घरात राहील. पहिल्या वर्षी खरंच सोय नव्हती. दुसऱ्या वर्षी होती. पोशीकडे गेलो, तिला सांगितलं, या वर्षी नको, कुणी विचारलं तर गुडघा सांग. ती म्हणाली, "ढवळू, पोरीची हळद अडवू नये." तरी सांगितलं तिने, माझ्यासाठी, दर होळीला. मला हळद लावायची नव्हती. हळद लागली की संध्याकाळी तुम्ही निघाला असतात, आणि मग मी चूल कुणासाठी पेटवायची?

तुझा बांध चांगला असायचा. वरच्या खाचराचासुद्धा.

तू कचेरीत सही करू शकतोस, मला माहीत आहे. त्याला माझा हात लागत नाही. पण आत्ता रामीच्या मागे उभी राहून शीला म्हणाली, मला मांडव हवा, बा. रविनाला पुढे हळद लागायची तर आधी मला लागायला हवी. ती रडत नव्हती. मी हो म्हणालो. दोघी साक्षीला आहेत.

तू येणार की नाही तेवढं कळव. मोठं बोलू नकोस. हो किंवा नाही. उत्तरेचं नाव मागे घेतलंस की नाही, तेही.

ढवळू


सूर्यमाळ
१९ फेब्रुवारी २०२५

गोरख,

तू गोव्यात उतरलास हे कळलं. विमानातून खाली नारळाची झाडं दिसली तेव्हा तू रडलास असं रविना म्हणाली. झाड बघून रडायचं असेल तर इथे रान भरलं आहे, गोव्याला काय अडतोस? उत्तरेचं नाव मागे घेतलंस तेही कळलं. अस्वल वाचलं.

जुलैमध्ये टपालाने टाकलेलं पत्र आता तुझ्या हातात पडलं असेल. त्यातलं जिवाचं वाचलं असशील. जिवाला मी खरं काय ते सांगून आलो. तो म्हणाला, "दादा, मी आधीच ओळखलं होतं, कोंबडा फुकट फिरून आला." तो लग्नाला येणार आहे. त्याला मारू नकोस.

होळीनंतर पाचव्या दिवशी लग्न. मांडव माझ्या दारात. उंबराच्या फांद्या मी बघून ठेवल्या आहेत, पण त्या तोडायला माणूस लागेल, माझ्याच्याने आता चढवत नाही. पोशी येणार. तिच्याशी बोलताना मला मान खाली घालावी लागली, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. पाणी झऱ्यावर आत्ताच कमी आहे, पंगतीला पुरेल का ही काळजी आहे. मालूने पाड्यातल्या बायकांना प्रत्येकी एक हंडा आणायला सांगितलंय. अवकाळी पाऊस आला तर मांडव भिजेल. नाही आला तर पाणी नाही. काहीही झालं तरी वाईटच.

भात झालं. मजूर लावून कापलं, बरं झालं. शीला आणि रविना वांगणीहून रामीबरोबर चार दिवस आधी येतील. गेल्या आठ महिन्यांत रविना दोनदा येऊन गेली. गाय तिला दूध देते. मला अजून नाही.

मी इथे कसा राहतो हे तू विचारलंस म्हणे. राहतो. सकाळी उठतो, दोन भाकरी टाकतो, एक सकाळी, एक रात्री. पावसाळ्यात पंधरा दिवस कोणी आलं नाही, ओढा भरला होता. तेव्हा मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो. मग तुमच्या तिथल्या माणसांचं आठवलं, दोन महिने सूर्य नाही, बाहेर जायला वाट नाही, तेच तेच चेहरे. तुम्हाला निदान चेहरे होते. मग ओढा उतरला.

हळद मीच लावणार. हळकुंडं दळून डब्यात ठेवली आहेत.

आता शेवटचं, आणि हे तू एकट्याने वाच. लग्न लागलं, पंगत उठली की त्याच दिवशी निघा. खोडाळ्याच्या जीपवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, तो तीन वाजता वाटेवर उभा राहील. रामी म्हणेल, आजची रात्र राहू. शीला म्हणेल, बा एकटा आहे. रविना गायीच्या गळ्यात पडेल. थांबू नका. एक रात्र जरी थांबलात तरी सकाळी माझ्या छातीत दुखायला लागेल, नाहीतर गाय रानात हरवेल. काहीतरी होईलच. तुला वाटेल, खरंच झालं. मलाही तसंच वाटेल.

म्हणून जीप आधीच सांगितली आहे.

ढवळू